दिवसाला सव्वाचार डोकी

केशकर्तन हा कच्चा माल विकत घ्यावा न लागणारा दुर्मीळ व्यवसाय आहे. माणसाच्या डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. या वाढीसाठी दुकानदाराला खत, पाणी, वीज किंवा गोदाम यांपैकी कशाचाही खर्च येत नाही. माल आपल्या पायांनी दुकानात येतो, कापला जातो आणि जाताना वर पैसे देऊन जातो. मंदी आली म्हणून केस थांबत नाहीत, महागाई वाढली म्हणून आखूड उगवत नाहीत. टक्कल हा धंद्यातला एकमेव नैसर्गिक धोका; पण टक्कल पडू लागलेला माणूस उरलेल्या केसांबद्दल इतका दक्ष होतो की तोही नियमित गिऱ्हाईक ठरतो. अशा धंद्याला कर्ज कशाला लागावे, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सहज पडतो. धंद्यात उतरलेल्या जोडप्याला तो पहिल्या हप्त्याच्या आदल्या रात्री पडतो.

पूर्वी या धंद्याला कर्ज लागत नसे. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या न्हाव्याचे सगळे भांडवल धोकटीत मावे: वस्तरा, कात्री, कंगवा, नराणी, पाण्याची वाटी आणि आरसा. दुकानाची जागा म्हणजे पार किंवा गिऱ्हाइकाची ओसरी. आरसा गिऱ्हाइकाच्याच हातात दिला जाई, त्यामुळे फर्निचरचाही प्रश्न मिटे. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. वर्षभर डोकी करायची आणि खळ्यावर हिशेब करायचा, ही पद्धत न्हाव्याला फारशी फायद्याची नव्हती. पण तिच्यात दर महिन्याच्या ५ तारखेला मोबाइलवर संदेश येत नसे. हे काम पुरुषाचेच, ही समजूतही तेव्हाची. ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादव यांनी मोडली. पतीच्या निधनानंतर मुलींना वाढवण्यासाठी त्यांनी नवऱ्याचा वस्तरा हाती घेतला. त्यांनी कोणत्याही बँकेला प्रकल्प अहवाल दिला नव्हता.

आजच्या तालुक्याच्या गावात धोकटीवर भागत नाही. वरखाली होणाऱ्या आणि मागे झुकणाऱ्या दोन खुर्च्या, केस धुण्याचे बेसिन, समोर आरसा, मागे आरसा, आरशाभोवती दिवे, वातानुकूलन यंत्र, बायकांच्या बाजूला प्लायवूडची आडभिंत आणि तिला पडदा, एवढे असल्याशिवाय दुकानाला सलून म्हणत नाहीत. केस कापायला यांतले काहीच लागत नाही. केस आजही कात्री आणि कंगव्यानेच कापले जातात. बाकीचा खर्च गिऱ्हाइकाला केस कापून घेताना आपण कुठेतरी आलो आहोत असे वाटावे यासाठी असतो, आणि कर्ज त्या वाटण्यासाठी काढले जाते.

हे कर्ज काढणारे जोडपे ठरावीक पद्धतीने तयार होते. नवरा दहा-बारा वर्षे पुण्यात किंवा पिंपरीत दुसऱ्याच्या दुकानात कारागीर असतो. पद्धत निम्म्याची: शंभराची कटिंग केली की पन्नास कारागिराचे, पन्नास मालकाचे. मालक गल्ल्यावर बसून पेपर वाचताना दिसतो. कारागीर संध्याकाळी मनातल्या मनात पन्नासाला दिवसभराच्या डोक्यांनी गुणतो आणि मालकाची कमाई काढतो. या गुणाकारात दुकानाचे भाडे, विजेचे बिल आणि टॉवेलांची धुलाई धरलेली नसते. बायकोने गावात पार्लरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला असतो आणि घरातली पुढची खोली हे तिचे पार्लर असते. तिथली गिऱ्हाइके शेजारच्या. त्यांच्या भुवया वेळेवर कोरल्या जातात, पैसे मात्र ‘राहू दे गं, नंतर बघू’ या खात्यावर जमा होतात. एकाला मालक व्हायचे असते आणि दुसरीला घराबाहेरची खोली हवी असते. या दोन इच्छा एकत्र आल्या की ‘युनिसेक्स सलून’ हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला जातो. सासूबाई तो दोनदा विचारून घेतात आणि तिसऱ्यांदा विचारत नाहीत.

कर्जासाठी पहिला शोध प्रधानमंत्री मुद्रा योजनेचा लागतो. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत ५० हजारांपर्यंतच्या कर्जाला ‘शिशु’, तिथून ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ म्हणतात. तरुण गटातले कर्ज फेडणाऱ्यांसाठी २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गटही आहे. त्यामुळे कानामागे पिकू लागलेला कारागीर बँकेत जाऊन आपण किशोर असल्याचे सांगतो आणि कोणी हसत नाही. दुसरा रस्ता पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाचा. त्यात अनुदान मिळते. मात्र ते हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि जोडप्याने तिच्याकडे दुरून पाहायचे असते. शिवाय या योजनेत एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे अर्जदार व त्याचा जोडीदार, अशी व्याख्या केलेली आहे. नवरा-बायको एकच आहेत हे लग्नात भटजींनी सांगितले तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. योजनेच्या नियमात ते छापील स्वरूपात भेटते.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हा प्रश्न सिबिलवर सुटतो. ३०० ते ९०० या मापात मोजला जाणारा हा गुणांक माणसाच्या चारित्र्याचा बँकमान्य दाखला आहे. ज्याने आयुष्यात एक रुपयाही उसना घेतला नाही त्याला मोजण्यासारखे काही नसल्याने गुणच मिळत नाहीत. ज्याने घेतले आणि वेळेवर फेडले तो सज्जन. नवऱ्याचे मोटारसायकलचे तीन हप्ते कधीकाळी श्रावणात चुकलेले असतात. बायकोने फ्रिजचे बारा हप्ते तारखेच्या आधी भरलेले असतात. त्यामुळे प्रोप्रायटर ती होते आणि नवरा सहकर्जदार म्हणून तिच्या सहीखाली सही करतो. नात्यागोत्यात मात्र ‘त्याने दुकान टाकले’ असेच सांगितले जाते, आणि ती ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नाही.

मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. जे लागते ते असे: आधार, पॅन, छायाचित्रे, भाडेकरार, सहा महिन्यांचे बँक खात्याचे उतारे, उद्यम नोंदणी, दुकानाची नोंद, यंत्रसामग्रीची कोटेशने आणि प्रकल्प अहवाल. यांतली उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि ती फुकट होते. फुकट नोंदणी करून देण्याचे पैसे कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला घेतो. कोटेशनात प्रत्येक खुर्चीची किंमत असते आणि ती दुकानदार ‘कर्जासाठी हवंय की खरंच घ्यायचंय?’ असे विचारून टाकतो. प्रकल्प अहवाल हा या सर्व कागदांतला सर्वात साहित्यिक भाग होय. तो गावातला कर सल्लागार लिहितो. त्यात पहिल्या वर्षी अमुक गिऱ्हाइके, दुसऱ्या वर्षी दहा टक्के अधिक, तिसऱ्या वर्षी आणखी दहा टक्के, अशी वाढ दाखवलेली असते. पाच वर्षांच्या त्या तक्त्यात आजारपण नसते, पाऊस नसतो, समोर दुसरे सलून उघडत नाही आणि कोणाचेही केस गळत नाहीत. जोडपे तो अहवाल पहिल्यांदा वाचते तेव्हा आपण इतके श्रीमंत होणार आहोत याची त्यांनाही कल्पना नसते.

यानंतर जागेची पाहणी होते. बँकेचे साहेब येतात, खुर्चीवर हात ठेवतात, बसून पाहतात आणि बसलेच आहेत तर मानेवरचे जरा कमी करून घेतात. या सेवेचे पैसे घ्यायचे की नाहीत, यावर जोडप्याची पहिली व्यावसायिक बैठक आडभिंतीमागे कुजबुजत होते. घेतले तर कर्ज अडेल, न घेतले तर ती लाच ठरेल. अखेर साहेब स्वतःच शंभराची नोट ठेवतात, आणि ती खर्च न करता देव्हाऱ्यात जाते.

दुकानाचा कायदेशीर जन्म त्यामानाने सोपा असतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकीच माणसे कामाला असतील तर परवाना लागत नाही, नुसती सूचना द्यावी लागते. लोक तिला अजूनही गुमास्ताच म्हणतात आणि लायसन्स काढल्यासारखी चौकटीत लावतात. पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही लागू झाला. त्यामुळे पाटीवर मोठ्या देवनागरी अक्षरांत ‘न्यू लुक्स युनिसेक्स सलून अँड अकॅडमी’ असे लिहिले जाते. कायदा पाळला जातो आणि भाषेला धक्का लागत नाही. गावात जुने लुक्स नसले तरी ‘न्यू’ लागतो, आणि एकही विद्यार्थी नसला तरी अकॅडमी लागते. पुढेमागे पुतण्याला शिकवायचे असते.

उद्घाटनाला सत्यनारायण असतो. पूजेला नातेवाईक येतात, प्रसाद घेतात, खुर्च्या गोल फिरवून पाहतात आणि भावात थोडी सवलत मागतात. पहिला आठवडा ‘घरचाच आहे’ या प्रकारातल्या गिऱ्हाइकांचा असतो. यात चुलते, मावसभाऊ, जागामालक, जागामालकाचा मुलगा आणि कर्जाच्या अर्जाला ओळख देणारे गुरुजी येतात. घरचा माणूस दाढी, कटिंग, चंपी आणि डाय एवढे करून घेतो आणि जाताना ‘धंदा चालू दे’ असा आशीर्वाद देतो. आशीर्वाद बँकेत भरता येत नाही, हे त्या आठवड्यातले मुख्य शिक्षण.

इथून धंद्याचे खरे गणित सुरू होते. समजा, कर्ज ५ लाखांचे, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता येतो महिन्याला १०,८७१ रुपये. कटिंगचा भाव शंभर धरला तर नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला १०९ डोकी लागतात. सोमवारची सुट्टी वजा जाता दुकान २६ दिवस उघडे असते, म्हणजे दिवसाला साधारण सव्वाचार डोकी बँकेची. सकाळची पहिली चार गिऱ्हाइके करताना नवरा बँकेचा नोकर असतो. पाचव्याच्या मानेपर्यंत आले की तो मालक होतो. वरचे पाव डोके म्हणजे एखादी मिशी. त्यानंतरची डोकी भाड्याची, मग विजेची, मग कारागिराची, आणि घराची डोकी सूर्यास्तानंतर येतात.

शंभर-सव्वाशे पक्की गिऱ्हाइके जमवणे अवघड नाही. ती वेळेवर आणणे अवघड. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटर वाढतात, पण माणसाला कापायची आठवण सेंटिमीटरने होत नाही. ती बायकोने म्हटल्यावर, साहेबांनी पाहिल्यावर किंवा लग्नपत्रिका आल्यावर होते. प्रत्येकाने नुसती आठवडाभर चालढकल केली, तीस दिवसांऐवजी सदतीस दिवसांनी आला, तरी १०९ डोक्यांची महिन्याला ८८ होतात. बँकेत मात्र हप्त्याला आठवडाभर वाढू देण्याची सोय नसते.

चालढकलीला धर्माचा आधार आहे. अनेक घरांत सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी केस कापत नाहीत. एकादशीला नाही, अमावास्येला नाही. घरातल्या कोणाचा जन्मवार असेल तर त्या दिवशी नाही. सोमवारी दुकानच बंद असल्याने तो वार निष्ठेने पाळला जातो. उरलेल्या मंगळवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार यांत रविवारी सगळे गाव एकदम येते आणि गर्दी बघून निम्मे परत जाते. श्रावण लागला की पुरुषांची मोठी संख्या महिनाभर दाढीला आणि केसांना हात लावत नाही. भाद्रपदात गणपतीला दहा-बारा दिवस दुकान फुलते, लगेच पितृपक्षाचा पंधरवडा येतो आणि खुर्च्या पुन्हा मोकळ्या होतात. चातुर्मासात लग्ने नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो, आणि त्याचा अधिक हप्ता नसतो एवढीच काय ती बँकेची कृपा. पंचांगात केस कापण्याला निषिद्ध असे कितीतरी दिवस आहेत. हप्ता कापण्याला एकही नाही.

प्लायवूडच्या आडभिंतीची किंमत इथे वसूल होते. पुरुषांना खुर्चीवरून उठवणारा श्रावण बायकांना खुर्चीवर बसवतो. मंगळागौर, नागपंचमी, राखी, हरतालिका, गौरी अशी ओळ लागते, आणि केस कापायचे नसले तरी भुवया, फेशियल, मेंदी आणि केशरचना यांना पंचांगाची हरकत नसते. तुळशीच्या लग्नानंतर माणसांची लग्ने सुरू होतात आणि नवरीचे पॅकेज निघते. त्यात हळद, साखरपुडा, लग्न आणि स्वागतसमारंभ असे चार चेहरे वेगवेगळे करावे लागतात. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. एका नवरीच्या पॅकेजमध्ये नवऱ्याची बरीच डोकी बसतात. म्हणजे ज्या महिन्यात पडद्याच्या एका बाजूला पंखा नुसताच फिरतो त्याच महिन्यात दुसऱ्या बाजूला बसायला जागा नसते, आणि हप्ता पडद्याची कोणतीही बाजू न पाहता भरला जातो. कर सल्लागाराच्या अहवालात याचा उल्लेख नसतो. त्यात महिला विभाग ‘पूरक उत्पन्न’ या सदरात शेवटच्या ओळीत असतो.

पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या कामाची रीत वेगळी असते. पुरुष गिऱ्हाईक बसते आणि ‘बारीक करा’ एवढेच म्हणते; बारीक म्हणजे किती, यावर ते घरी गेल्यावर बोलते. तरुण मुले मोबाइलवर क्रिकेटपटूचा फोटो दाखवतात. फोटोतले केस आणि समोरचे डोके यांतला फरक सांगण्याची हिंमत कारागिरात नसते, म्हणून तो ‘होऊन जाईल’ म्हणतो. वयस्क माणसे ब्लेड नवे आहे ना, हे विचारतात आणि वस्तऱ्यात अर्धे ब्लेड बसवताना स्वतः वाकून पाहतात. लहान मुलाचे एक डोके वेळेच्या हिशेबाने तीन डोक्यांचे असते आणि त्याचे पैसे मात्र निम्मे देण्याची प्रथा आहे. पुरुषांच्या बाजूला पाऊस, कांद्याचा भाव, निवडणूक आणि गावातल्या रस्त्याचे ठेकेदार हे विषय चालतात. बायकांच्या बाजूला कमी आवाजात, पण नावानिशी बोलणे होते. प्लायवूड आवाज अडवत नाही. त्यामुळे ठेकेदाराबद्दल इकडे जे तर्क केले जातात त्यांची खरी माहिती तिकडून येते आणि इकडची चर्चा मध्येच बंद पडते.

पैशाच्या बाबतीत सर्वात मोठा बदल क्यूआर कोडने केला. रोखीच्या काळात दिवसाचा गल्ला किती, हे ज्याच्या हातात गल्ला त्यालाच ठाऊक असे. आता पैसे जमा होताच टेबलावरचा डबा ‘शंभर रुपये प्राप्त झाले’ असे दुकानभर ओरडतो, आणि खाते प्रोप्रायटरच्या नावाचे असल्याने पैसे तिकडे जातात. चहा, तंबाखू आणि मित्राला दिलेले दोनशे यांची नोंद पूर्वी कुठेच होत नव्हती. आता नवऱ्याला त्यासाठी ‘अहो, हे दोनशे कसले?’ या परीक्षेला बसावे लागते.

कराचा बोजा या दुकानावर पडत नाही, कारण सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. शंभराच्या भावाने तिथे पोहोचायला दिवसाला ६४ डोकी करावी लागतील. तेवढी करणारा माणूस कर भरण्याच्या अवस्थेत उरणार नाही. तरीही २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याची बातमी गिऱ्हाइकांनी वाचली आणि भाव कमी करण्याची मागणी केली. ज्या दुकानाने तो कर कधी लावलाच नव्हता त्याला तो कमी करून दाखवणे जमले नाही, आणि काही दिवस ते नफेखोर म्हणून ओळखले गेले.

धंद्याचे धोके दोन. एक सर्वांवर येणारा: २०२० च्या टाळेबंदीत केस वाढत राहिले आणि दुकाने बंद राहिली. महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून कटिंगला परवानगी मिळाली, दाढीला मिळाली नाही, आणि गिऱ्हाइके डोके व्यवस्थित आणि चेहरा ऋषींचा अशा अवस्थेत घरी गेली. दुसरा धोका घरातून निघतो. गर्दी वाढली की एक कारागीर ठेवावा लागतो. तो निम्म्यावर काम करतो, मन लावून करतो, गिऱ्हाइकांची नावे पाठ करतो आणि संध्याकाळी पन्नासाला डोक्यांनी गुणतो. मालक समोर पेपर वाचत बसलेला असतो. दोन वर्षांनी रस्त्यापलीकडे ‘न्यू स्टार’ उघडते. तिथल्या किशोर कर्जाच्या प्रकल्प अहवालातही समोरच्या सलूनचा उल्लेख नसतो.

तरीही बहुतेक हप्ते भरले जातात. काही महिने नवरीवर, काही दहावीच्या निरोप समारंभावर, काही गावच्या जत्रेवर, आणि एखादा बायकोच्या भिशीवर. साठावा हप्ता गेला की ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घ्यायचे असते. ते आणायला नवरा जातो, कारण दुकान त्याने टाकलेले असते. खिडकीतला माणूस कागद पाहतो आणि विचारतो, “प्रोप्रायटर कोण? त्यांना पाठवा.” नवरा दुकानात फोन लावतो. पलीकडून उत्तर येते, “त्यांना थांबायला सांगा, एक भुवई अर्धी राहिलीय.” बँक थांबत नाही. प्रमाणपत्र पुढच्या सोमवारी मिळते, कारण त्या दिवशी दुकान बंद असते.